बिराजदार सरांचे तीन पाव्हणे

"मामा अजून जुनंच दाखवून राहिलाय. आत्याचं काय म्हणणं हाय, बगा बरं."

नोकरीच्या पहिल्या दिवशी मी दाराबाहेर उभी होते आणि आतून हे ऐकू आलं. कुणाच्या तरी घरच्या भानगडीत आपण जाऊन पडतोय असं वाटून मी दार वाजवलंच नाही. शेवटी रिसेप्शनवरची नसरीन उठून आली. "इत्ता क्या शरमाना मॅडम, जाव ना अंदर," म्हणत तिनेच दार ढकललं.

आत टेबलापाशी पंचेचाळिशीचे एक गृहस्थ एकटेच बसले होते. कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा, शर्टाच्या बाह्या मनगटापर्यंत बंद. समोर तीन जुने मोबाईल ओळीने मांडलेले. एकाची काच तडकलेली, एकाचं मागचं झाकण रबर लावून धरलेलं. ते मोबाईलशीच बोलत होते.

"या मॅडम. बसा. पाव्हणे बोलून राहिलेत, दोन मिनटं."

हे बिराजदार सर. लातूरमधल्या एका मोठ्या कोचिंग क्लासची वेबसाईट ते एकट्याने सांभाळत होते आणि आता त्यांच्या हाताखाली मी आले होते. क्लास त्या वर्षांत भराभर वाढत होता. एका इमारतीचे वर्ग तीन इमारतींत गेले होते, नांदेडला शाखा निघाली होती, आणि बॅच कोणती, पेपर कुठे, निकाल काय, हे सगळं मुलांना साईटवर पाहावं लागे. मी नांदेडची, इंग्रजी शाळेत शिकलेली, कॉम्प्युटर इंजिनिअर. सरांकडे पदवी नव्हती. एका छापखान्यात कॉम्प्युटरवर लग्नपत्रिका जुळवता जुळवता ते इथवर आले होते. हे कळल्यावर मी मनात त्यांना एक पायरी खाली उतरवून ठेवलं. तोंडाने अर्थात काही बोलले नाही. मी तोंडाने फारसं काहीच बोलत नसे.

ते तीन मोबाईल म्हणजे मामा, आत्या आणि आज्जी. जुन्या बाजारातून आणलेले. त्यांच्यावर आपली साईट अधूनमधून उघडायची, पण आतलं काही म्हणजे काही पुसायचं नाही, असा नियम होता. साईटवर बदल केला की सर माझ्या किंवा स्वतःच्या कॉम्प्युटरकडे बघतही नसत. ड्रॉवर उघडून पाव्हण्यांना बाहेर काढत. तिघांनी नवं दाखवलं तरच काम झालं. "आपल्या घरचं आपल्याला कायम ताजंच दिसतं," ते म्हणत. "गावाकडून आलेल्याला विचारायचं, त्याच्या ताटात काय पडलंय ते."

मी कॉलेजात जे चार ओळींच्या व्याख्येत पाठ केलं होतं ते त्यांनी मला दुसऱ्या दिवशी शिंक्यावरून समजावलं.

"मोबाईल काय करतो मॅडम, एकदा आणलेली चीज शिंक्यावर टांगून ठिवतो. पुन्हा भूक लागली की बाजाराला जात न्हाई, शिंक्यावरचंच काढतो. चांगलंच हाय की ते. उमरीचं पोरगं असतंय, त्याच्या मोबाईलात डेटा किती? आपलं यवढं मोठं वेळापत्रक त्यानं रोज कशाला उतरवून घ्यायचं? म्हणून मीच सांगून ठिवलंय त्याच्या मोबाईलला, की बाबा, ही चीज वरीसभर वापर, परत मागू नको."

"मग आपण ती बदलली तर?"

"तर नाव बदलायचं. केंद्रयादी पंधरा होती, ती केंद्रयादी सोळा करायची. नाव नवं दिसलं की मोबाईल म्हणतो, ही आपल्याकडं न्हाई, आणावी लागंल. नाव तेच ठिवून आतलं बदललं तर त्याला कसं कळणार? तो बिचारा शिळंच वाढणार, अन् वर म्हणणार, ताजं हाय."

सगळी गोष्ट एवढीच होती. फाईल बदलली की नावातला आकडा बदलायचा आणि पाव्हण्यांना विचारायचं. हे आकडे सर कुठेही लिहून ठेवत नसत. केंद्रयादी सोळा, फीपत्रक नऊ, वेळापत्रक एकेचाळीस, असे पन्नासएक आकडे त्यांना तोंडपाठ होते. मी कधी परीक्षा बघायला विचारायचे, "सर, मुखपृष्ठाचा बॅनर?" ते चहाचा घोट घेऊन म्हणायचे, "सव्वीस. पंचवीसमधी शाईचा रंग चुकला होता."

ते क्लासमध्ये कसे टिकले त्याचाही एक किस्सा नसरीन सांगे. आमच्या डायरेक्टर सरांनी कुणाच्या तरी सांगण्यावरून मिशी काढली आणि साईटवर नवा फोटो लावायला लावला. त्या वेळी साईट दुसऱ्याच कुणाकडे होती. डायरेक्टरांना स्वतःच्या मोबाईलवर बिनमिशीचा फोटो दिसे, पण पालक येत ते मिशीवाला शोधत. "सर कुठंयत?" असं एका पालकाने खुद्द डायरेक्टरांनाच विचारलं. तेव्हा तिथे माहितीपुस्तिकेची प्रुफं घेऊन आलेले बिराजदार म्हणाले, "साहेब, तोंडावरली मिशी काढायला पाच मिनटं लागतात. लोकांच्या मोबाईलातली काढायची असंल तर फोटोचं नाव बदला." पुढच्या महिन्यापासून साईट त्यांच्याकडे आली.

त्यांना एक खोड होती. कुठेही मुदत संपलेला कागद दिसला की ते तो फाडत. आमच्या नोटीस बोर्डावरचा तर फाडतच, पण चहाच्या टपरीवरचं मागच्या महिन्याचं कॅलेंडरचं पान, एसटी स्टँडवरचं जुनं वेळापत्रक, होऊन गेलेल्या सप्ताहाचं पत्रक, काहीही. नखाने कोपरा उचलायचा आणि सबंध कागद सोलून काढायचा. टपरीवाला चिडवायचा, "बिराजदार, घरी काय वहिनी भिंती सोलाया देत न्हाईत का?" सर हसायचे आणि कागदाची घडी करून खिशात ठेवायचे.

एकदा बोर्डावर नवं वेळापत्रक मी जुन्याच्या शेजारी लावलं. जागा होती म्हणून. सर आले, आधी जुनं फाडलं, मग पिना माझ्या हातात देत म्हणाले, "दोन कागद शेजारी ठिवू नका कधी. माणूस घाईत असला की पहिला दिसंल तेच वाचतो."

मी मान हलवली. ते तिथेच उभे राहिले. मग बोर्डाकडे बघतच बोलले.

भूकंप झाला तेव्हा ते अठरा वर्षांचे होते. गाव औशाच्या पलीकडचं, आज ते जुन्या जागी नाही. त्या पहाटे ते लातूरला मावशीकडे होते म्हणून वाचले. धाकटा भाऊ ढिगाऱ्यातून जिवंत निघाला आणि त्याला कुठल्या तरी गाडीतून दवाखान्यात नेलं. कुठे, ते कुणालाच माहीत नव्हतं. मदत छावणीत एका शाळेच्या भिंतीवर जखमींच्या याद्या लावत होते. वडिलांनी, त्यांना ते दादा म्हणत, यादी वाचली. भावाचं नाव होतं, पुढे सोलापूर लिहिलेलं. मिळेल त्या गाडीने वडील सोलापूरला गेले. भावाला तोवर लातूरला हलवलं होतं. तशी नवी यादीही लागली होती, त्याच भिंतीवर, चार हात पलीकडे. जुनी कुणी काढली नव्हती.

"दोन दिवस आमचे दादा सोलापुरात खाटा बघून राहिले. अन् तो हितं लातुरात. मी हितंच होतो की. मावशीच्या घरापासून चालत गेलो असतो."

"मग?" असं मी विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

"जित्ता भेटला न्हाई," सर म्हणाले. "आमची आई, अव्वा, त्या यादी लिवणाऱ्याला लई शिव्या द्यायची. मला कधी राग आला न्हाई. दोन्ही याद्या खऱ्याच होत्या. आपापल्या दिवशी."

मग, जणू माझ्या चेहऱ्यावर काही वाचून, ते म्हणाले, "तुम्ही ते ह्या कामाला जोडू नका. त्याचा ह्याच्याशी काय संबंध न्हाई. हे पोटापाण्याचं काम हाय." पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही.

दुसऱ्या वर्षी उन्हाळ्यात क्लासने मोफत जागांसाठी परीक्षा ठेवली. दहावी झालेल्या मुलांसाठी. पहिल्या काही मुलांना मेडिकल प्रवेशाची दोन वर्षांची शिकवणी आणि राहणं-खाणं सगळं फुकट. केंद्रांची यादी साईटवर लागली, केंद्रयादी सतरा. परीक्षेच्या दोन दिवस आधी, शुक्रवारी, नांदेडचं एक केंद्र बदलावं लागलं. ते कॉलेज ऐन वेळी मिळेनासं झालं आणि शहराच्या दुसऱ्या टोकाची एक शाळा घेतली. बाकीची केंद्रं होती तशीच राहिली.

सर त्या दिवशी रजेवर होते. उमरीला भाचीचं लग्न होतं.

डायरेक्टर सर माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. "मॅडम, लवकर. मुलांना मेसेज सोडायचाय." त्यांच्या अंगाच्या अत्तराचा वास माझ्या डोक्यावरून येत होता. मला पाठीमागे कुणी उभं असलं की बोटं चालत नाहीत. मी फाईल उघडली, कॉलेजचं नाव काढून शाळेचं घातलं, आणि त्याच नावाने साईटवर चढवली. सतरा ते सतराच. मग बटणं दाबून पान सक्तीने ताजं करून घेतलं. नवी शाळा दिसली. डायरेक्टरांनी पाहिलं, "ठीक," म्हणाले आणि गेले. मुलांना मेसेज गेला, काही केंद्रं बदलली आहेत, साईटवर पाहावे.

तेवढ्यात सरांचा फोन आला. मागे बँड वाजत होता, ते ओरडून बोलत होते. नसरीनकडून त्यांना केंद्राचं कळलं होतं.

"मॅडम, नाव बदललं का? अठरा केलं का?"

"हो सर," मी म्हणाले. फोन ठेवल्या ठेवल्या करू, असं मनात होतं.

"अन् पाव्हण्यांना विचारलं का?"

"हो सर."

"आवाज येईना! विचारलं का तिघांना? नाव अठरा, अन् पाव्हण्यांना विचारा!"

"हो सर, झालं."

फोन ठेवला आणि केबिनमधून बोलावणं आलं. परीक्षेच्या दिवशीचा फलक करायचा होता. तासाभराने जागेवर आले तेव्हा नावाचं माझ्या डोक्यातून गेलं होतं. पाव्हण्यांचं मात्र आठवत होतं. ड्रॉवरला कुलूप होतं आणि किल्ली नसरीनकडे. तिच्याकडे जायचं तर मधला हॉल ओलांडावा लागे. हॉलमध्ये त्या दिवशी पन्नासएक पालक बसले होते आणि दारातून कुणी आलं की सगळे मिळून त्याच्याकडे बघत. मी दोनदा दारापर्यंत गेले. माझ्या कॉम्प्युटरवर तर नवं दिसतंच आहे, असं म्हणून परत येऊन बसले. तेवढा हॉल मी ओलांडला असता तर मामाने मला तिथल्या तिथे सांगितलं असतं.

ज्यांनी साईट पहिल्यांदाच उघडली त्यांना नवी शाळा दिसली. ज्यांनी आधी पाहून ठेवलं होतं, त्यांना जुनं कॉलेज. म्हणजे ज्या मुलांनी सगळ्यांत आधी, काळजीने केंद्र बघितलं होतं, तीच चुकीच्या जागी गेली. बहुतेकांनी रिक्षा करून, धावतपळत नवी शाळा गाठली. एक मुलगी पोहोचली तेव्हा फाटक बंद झालं होतं.

मंगळवारी ती आणि तिचे वडील लातूरला आले. अर्धापूरचे होते, केळीच्या वखारीत कामाला. मुलगी दाराशीच थांबली. वडिलांनी मोबाईल डायरेक्टरांच्या टेबलावर ठेवला. सरांना आणि मला आत बोलावलं होतं.

"हे बगा साहेब, तुमच्याच साईटवर हाय. आताबी हाय."

डायरेक्टरांनी आपला कॉम्प्युटर त्यांच्याकडे वळवला. "आणि हे काय आहे? शुक्रवारीच बदललंय. मेसेजही केला होता."

"मेसेज आला. आला म्हणून तर मी परत उघडून बघितलं. तेच कॉलेज. म्हणलं, काही केंद्रं बदलली, आपलं न्हाई बदललं."

"आजकाल स्क्रीनवर काय पाहिजे ते दाखवता येतं," डायरेक्टर म्हणाले.

वडिलांना हे आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी मोबाईल उचलायला हात पुढे केला. सरांनी तो हात थांबवला. मोबाईल घेतला, यादीचं नाव बघितलं.

"खरं बोलून राहिलेत ते साहेब. नाव सतराच हाय. आपली चूक हाय."

"आपली म्हणजे कुणाची?"

सर माझ्याकडे वळले. त्यांच्या आवाजात आरोप नव्हता. एखादा आकडा पडताळून बघावा तसं त्यांनी विचारलं, "मॅडम, मी फोनवर नाव बदला म्हणलो होतो ना तुम्हाला?"

खोलीत पाच माणसं होती. मुलीची नजर माझ्यावर होती. मला इतकं आठवतं की तिने वेणीला शाळेची रिबीन बांधली होती.

"मला आठवत नाही, सर," मी म्हणाले.

सर माझ्याकडे बघत राहिले. मला वाटलं, आता म्हणतील, असं कसं आठवत नाही. पण त्यांच्या कपाळावर आठी पडली आणि ते स्वतःतच काही शोधू लागले. "बँडचा आवाज होता," ते हळू म्हणाले. "म्हणलो असं वाटून राहिलंय... राहिलं असंल. साहेब, माझ्याकडूनच राहिलं सांगायचं."

परीक्षा पुन्हा घ्यायला डायरेक्टरांनी नकार दिला. एकीसाठी घेतली तर बाकीचे उशिरा आलेलेही येतील, म्हणाले. बाप-लेक गेले. सर जिन्यापर्यंत त्यांच्यामागे गेले होते. काय बोलले, माहीत नाही.

महिनाभरात सरांना "तुमचं आता लक्ष राहत नाही" असं सांगून काढलं. त्या महिन्यात मी रोज ठरवत होते. आज सांगू. जेवणाच्या सुट्टीत सांगू. ते एकटे असले की हॉलमध्ये माणसं असायची, हॉल रिकामा असला की ते कामात असायचे. खरं म्हणजे मला भीती एवढीच होती की मी बोलले तर माझा आवाज कापेल. शेवटच्या दिवशी त्यांनी पाव्हणे माझ्या टेबलावर ठेवले. "ह्यांना अधूनमधून साईट दाखवत जा. पुसू नका." आकडे विचारून घ्या म्हणाले. मी एकेक विचारत गेले. फीपत्रकापाशी ते अडले. अकरा की बारा, त्यांना सांगता येईना. "बगा," ते म्हणाले, "हे असं होऊन राहिलंय."

मीही सहा महिन्यांत ती नोकरी सोडली आणि नांदेडला घरून काम करू लागले. सर चाकूरला गेले, तिथे त्यांनी ऑनलाईन फॉर्म भरून द्यायचं दुकान टाकलं, हे नसरीनने सांगितलं होतं. लातूर-नांदेड एसटी चाकूरवरूनच जाते. तीन वर्षांत कितीदा गेले असेन. गाडी तिथे दहा मिनिटं थांबे आणि मी खिडकीतून दुकानांच्या पाट्या वाचत बसे.

गेल्या श्रावणात उतरले.

स्टँडजवळच्या गल्लीत छोटं दुकान. सहासात माणसं ताटकळत बसलेली. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, झेरॉक्स काढत होत्या. सर केवढे वाळले होते. कॉम्प्युटरच्या चारही कडांना, भिंतीवर, टेबलाच्या काचेखाली चिठ्ठ्या चिकटवलेल्या. त्यांनी मला पाहिलं, ओळखलं, हसले, बाकाकडे बोट केलं. समोरच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याचं काम चालू होतं.

"आधारची झेरॉक्स, सातबारा, फोटो. सोमवारी आणायचं. काय सांगितलं मी? म्हणा बरं."

म्हाताऱ्याने म्हणून दाखवलं. सरांनी वहीत लिहिलं आणि पुढे सही घेतली.

"बिराजदार, कचेरीतबी यवढ्या सह्या न्हाईत घेत," म्हातारा म्हणाला. "आता काय जमीन लिवून घेता का माझी?"

बाकावरचे हसले.

"तुमच्यासाठी न्हाई बाबा, माझ्यासाठी हाय. माझा भरोसा न्हाई. एकदा एक गोष्ट सांगायची विसरलो अन् एका पोरीचं लई नुकसान झालं. आता करून राहिली बीएस्सी नांदेडला, मी फोन करतो तिच्या वडलाला. पर डॉक्टर व्हायचं होतं तिला. अन् मला किती पक्कं वाटत होतं, सांगितलंय म्हणून! अजून कानात ऐकू येतं, मी म्हणून राहिलोय, नाव बदला, नाव बदला. डोकंच खोटं बोललं."

वहिनी झेरॉक्सवरून मान न उचलता मला म्हणाल्या, "लातूरला मोठ्या डॉक्टरला दोनदा दाखवलं. ते म्हणतात काही न्हाई. ह्यांना पटतच न्हाई. घरी दाराला कुलूप लावलं तरी चिठ्ठी लिवतात."

सरांनी पुढच्या माणसाला हात केला, मग थांबले. "मॅडम, तुमचं आधी करू का? लांबून आलात. काय फॉर्म हाय?"

बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघू लागली. मी उभी राहिले. आवाज कापत होता, आणि कापू दिला.

"फॉर्म नाही, सर. तुम्ही सांगितलं होतं. बँड वाजत होता आणि तुम्ही ओरडून दोनदा सांगितलं होतं. मी ऐकलं होतं, हो म्हणाले होते, आणि केलं नव्हतं."